अनुभव धागा: "चूक माझी होती" म्हणणारा माणूस कामावर पाहिलाय का?

काही बिघडलं की पहिला मेल "हे कोणी केलं?" असा येतो, सीसीत अर्धं हिंजवडी. याच्या उलट वागणारी माणसं भेटली असतील तर त्यांच्याबद्दल लिहा. स्वतःच्या चुकांचे किस्से नकोत, ते सगळे गोड करून सांगतात. कंपनीचं नाव टाकू नका.

चाकणकर: मी क्वालिटीत आहे. कस्टमरकडून पार्ट रिजेक्ट आले की 8डी (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा रिपोर्ट) भरायचा, आणि व्हाय-व्हाय (पुन्हा पुन्हा "का" विचारत मूळ कारण शोधणं) करताना दुसऱ्या-तिसऱ्या "का"ला गाडी ऑपरेटरवर येऊन थांबते, ॲक्शनमध्ये लिहायचं "ऑपरेटरला ट्रेनिंग दिले", झालं. एकदा ब्रॅकेटला होल उलट्या बाजूला पडून आख्खा लॉट परत आला. कंत्राटी पोरगा, त्याला गेटबाहेर काढायची तयारी चालू होती. आमचे टूल रूमचे साहेब आले, पार्ट हातात घेतला आणि सगळ्यांसमोर फिक्श्चरमध्ये (मशीनवर पार्ट पकडून ठेवणारा साचा) सुलटा बसवून दाखवला, मग उलटा. दोन्हीकडून चपखल! म्हणाले, हे फिक्श्चर पास मी केलंय, सही बघा. कस्टमरसमोरही तेच गेले. नंतर एक लोकेटिंग पिन ठोकली, उलटा पार्ट बसणंच बंद.

पेठेतली: आमच्या शेजारी प्रेस आहे. लग्नपत्रिकेत तारीख एक आणि वार दुसराच छापला गेला. प्रूफवर मुलीच्या वडिलांची "ओके" सही होती, त्यामुळे कायद्याने प्रेसवाले सुटलेले. तरी काका म्हणाले, लग्नघरात डोकं ठिकाणावर नसतंच हो, तारीख-वार जुळवून बघणं आमचं काम. कागदासकट स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या. (गिऱ्हाईकाशी एरवी धड बोलत नाहीत हेही खरं.)

आर्टिकलशिप_संपली: आमच्या सीए ऑफिसात उलटं. क्लायंटची दोन बिलं विक्रीत घ्यायची राहिली, जीएसटीआर-3बी (जीएसटीचं रिटर्न) एकदा भरलं की रिव्हाईज होत नाही, मग पुढच्या महिन्यात टॅक्स आणि वर 18 टक्क्यांनी व्याज. सरांनी क्लायंटला सांगितलं, "पोर्टलचा प्रॉब्लेम होता." आत येऊन आर्टिकलला (हाताखाली शिकणाऱ्या पोराला) झापला. रिटर्न चेक करून फाईल करा म्हणणारे सरच होते!

कोथरूडवासी: 1979 ला एसएलव्ही-3 रॉकेट समुद्रात पडलं तेव्हा प्रोजेक्ट डायरेक्टर कलाम होते, पण पत्रकारांसमोर जबाबदारी घेतली इस्रोचे चेअरमन सतीश धवन यांनी. 18 जुलै 1980 ला यश आलं तेव्हा मात्र कलामांना पुढे केलं.

धागाकर्ता: हे येणार माहीत होतंच :)

बग_बिग: येऊ दे की, पण धवन चेअरमन होते हे विसरू नका. वरच्याने चूक घेतली की मोठेपणा, खालच्याने घेतली की रेकॉर्ड खराब. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या साईटच्या इंजिनियरने चुकून चालू डेटाबेस उडवला, बॅकअप धड निघाले नाहीत, सहाएक तासांचा डेटा गेला. कंपनीने रिकव्हरी लाईव्ह दाखवली, सगळं उघड लिहिलं, आणि दोष माणसावर न टाकता बॅकअप कोणी तपासतच नव्हतं यावर ठेवला. आमच्याकडे टीममधल्या मुलीने आरसीएमध्ये (बिघाडाच्या मूळ कारणाचा रिपोर्ट) प्रामाणिकपणे "स्क्रिप्ट मी चालवली" लिहिलं, आरसीए वाचून मॅनेजर "गुड ओनरशिप" म्हणाला आणि अप्रेजलला तीच ओळ काढून रेटिंग कापलं. आता टीममध्ये सगळे "स्क्रिप्ट चालवली गेली" असंच लिहितात.

चाकणकर: हे अगदी. आमचे साहेबही रिटायरमेंटला आले होते, त्यांना कोण काय करणार. त्या पोराने तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद.

काऊंटर_नं_3: बँकेत कबूल करायचा प्रश्नच येत नाही हो. संध्याकाळी कॅश शॉर्ट आली की कॅशियरने खिशातून भरायची. जास्त आली तर मात्र ती बँकेच्या सस्पेन्स (हिशोब न लागलेल्या पैशांच्या) खात्यात.