अल-मसूदीचा चौलचा उतारा: साल, भाषांतरं आणि विश्वासार्हता

चंपावती
चौलवरच्या जवळपास प्रत्येक लेखात दहाव्या शतकातला अरब प्रवासी-इतिहासकार अल-मसूदी याचा एकच उतारा येतो: राजा झंझ, शहरात दहा हजार मुसलमान आणि त्यांचा प्रमुख 'हुनरमन' (हे पदाचं नाव). साल मात्र लेखागणिक बदलतं. कुठे ९१५, कुठे ९१६, एका ठिकाणी तर ९२६. हा मसूदी नेमका कोण होता? चौलला स्वतः आला होता की ऐकीव लिहिलंय? अरबी न येणाऱ्याने कोणतं भाषांतर घ्यावं?

ताम्रपट
आधी सालाचं बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. मसूदी हिजरी ३०४ सांगतो. हे वर्ष जुलै ९१६ मध्ये सुरू होऊन जून ९१७ मध्ये संपतं, म्हणून ९१६-१७ असं जोडसाल लिहिणंच बरोबर. ९२६ येतं ते ३०४ मध्ये सरळ ६२२ मिळवल्यामुळे. हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. तीनशे वर्षांत नऊ वर्षांचा फरक पडतो. ढोबळ हिशेब असा: हिजरी सालाला ०.९७ ने गुणायचं आणि ६२१.६ मिळवायचे. ३०४ साठी ९१६.४८ येतं, म्हणजे वर्षाचा आरंभ ९१६ च्या मध्यावर.

ही चूक किरकोळ नाही. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळचा ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे ९२६ चा आहे. दुसऱ्या कृष्णाने संजाणचा कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे एका अरबाकडे, दिल्याचं त्यात लिहिलंय. चुकीचं ९२६ धरलं की मसूदीची भेट आणि हा ताम्रपट एकाच वर्षात येऊन बसतात आणि नसलेला संबंध जोडला जातो. खरं तर हे दहा वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले दोन स्वतंत्र पुरावे आहेत, आणि त्यांचं मोल त्यातच आहे.

झंझाचं नाव शिलाहारांच्या, म्हणजे त्याच्या उत्तर कोकणातल्या राजघराण्याच्या, नंतरच्या ताम्रपटांतल्या वंशावळीत येतं, पण तिथे त्याचं साल नाही. ते मसूदीमुळे कळतं.

दर्यावर्दी
आता मसूदीबद्दल. जन्म बगदादचा, नवव्या शतकाच्या शेवटी. मृत्यू इजिप्तमध्ये फुस्तातला, हिजरी ३४५ म्हणजे ९५६ मध्ये. इराण, सिंध, खंबायत, चौल, आफ्रिकेचा पूर्व किनारा, ओमान, कास्पियनचा परिसर, सीरिया असा फिरला. चीनलाही गेला होता असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते धरून चालू नका. चीनची बरीच माहिती त्याला समुद्रप्रवासाच्या हकिकती गोळा करणाऱ्या अबू झैद अल-सिराफीकडून मिळाली. हिजरी ३०३ मध्ये बसऱ्याला त्याची भेट झाल्याचं मसूदी स्वतःच नोंदवतो.

तीसहून जास्त ग्रंथ लिहिले, त्यातले निर्विवाद त्याचे असे दोनच उरलेत: 'मुरूज अल-जहब' आणि आयुष्याच्या अखेरीस पुरा केलेला 'किताब अल-तनबीह'. ज्याचा तो सतत हवाला देतो तो मोठा इतिहास गेला. 'मुरूज' हा त्या पसाऱ्याचा संक्षेप आहे, हे लक्षात ठेवलं की "याचा तपशील आम्ही दुसरीकडे दिला आहे" या त्याच्या वाक्यांचा उलगडा होतो.

त्याला तत्त्वचिंतक इतिहासकार म्हणतात ते त्याच्या रीतीमुळे. त्याच्या आधीचा इतिहासकार तबरी याच्याप्रमाणे वर्षवार नोंदी आणि कोणी कोणाकडून ऐकलं याची साखळी तो देत नाही. राजवटी आणि लोकसमूह घेऊन हवामान, धर्म, भाषा, विद्या यांची संगती लावतो. ग्रीक तत्त्वज्ञानाचं अध्यापन अथेन्सहून अलेक्झांड्रिया, अंतिओक, हर्रान असं कसं सरकत गेलं, हेही त्याने लिहून ठेवलंय. मगरी दोन्हीकडे आहेत म्हणून सिंधू नाईलमधून निघते, असं म्हणणाऱ्या जाहिझ या नवव्या शतकातल्या अरब लेखकाला तो सोडत नाही: या माणसाने ना समुद्र पाहिला ना प्रवास केला, असा त्याचा आक्षेप आहे.

पोथी_आणि_पाठ
आता 'मुरूज'च्या भाषांतराचं. संपूर्ण हवं असेल तर बार्बिए द मेनार आणि पाव्हे द कुर्तेय यांची नऊ खंडांची फ्रेंच आवृत्ती (१८६१-७७), शेजारी अरबी मजकूर छापलेला. तिची सुधारणा शार्ल पेल्लाने केली. विशेषनामांसाठी तीच प्रमाण माना. श्प्रेंगरचं इंग्रजी भाषांतर (१८४१) पहिल्या खंडावर थांबलंय. एलियट-डाउसन यांच्या हिंदुस्थानच्या इतिहासाच्या इंग्रजी संकलनात निवडक उतारे आहेत, पण एवढ्यावर लेख लिहू नये.

नेहमी होणारी फसगत: लोक हिंदुस्थानावरचं सातवं प्रकरण वाचतात आणि चौल सापडत नाही म्हणतात. तो उतारा जुन्या फ्रेंच आवृत्तीच्या दुसऱ्या खंडात आहे, विड्याच्या पानाच्या वर्णनाजवळ. शोधताना सैमूर म्हणजे चौल, सुबारा म्हणजे सोपारा, ताना म्हणजे ठाणे, मानकीर म्हणजे मान्यखेट, बल्हरा म्हणजे राष्ट्रकूट सम्राट. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि नुक्ते (अक्षरांचे ठिपके) सहज गळतात, त्यामुळे झंझाचं नावही छापील पाठांत वेगवेगळं दिसतं.

चंपावती
सगळ्यांचे आभार. मग दहा हजार हा आकडा वापरावा का?

ताम्रपट
आकडा म्हणून नको. "मोठी वस्ती" एवढ्याच अर्थाने घ्या. मसूदीला इतिहासकारांचा इमाम म्हणणारा चौदाव्या शतकातला अरब इतिहासकार इब्न खल्दूनही त्याने दिलेला इस्रायली सैन्याचा सहा लाखांचा आकडा फेटाळून लावतो. वस्तीची रचना मात्र भरवशाची वाटते: सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले एकीकडे आणि इथेच जन्मलेले, ज्यांना तो 'बयासिरा' म्हणतो, ते दुसरीकडे, त्यांचा प्रमुख त्यांच्यातलाच, पण नेमणूक राजाची. असा तपशील ऐकीव गप्पांतून सहसा येत नाही.

दर्यावर्दी
पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करायला खंबायतचा उतारा वाचा. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो, त्या वाळूवर एक कुत्रा आहे, भरतीची लाट येते, तो जीव तोडून पळतो आणि तरी बुडतो. साल दिलंय, तिथल्या अधिकाऱ्याचं नाव दिलंय. जिथे साल, जागा आणि माणूस हे तिन्ही आहेत तिथे तो बहुधा हजर होता. जिथे नुसतं "असं सांगतात" आहे, तिथे आपणही तसंच लिहावं.