‘बिकॉज’ने नेमकी कोणाची जागा घेतली?

“मी आलो नाही, बिकॉज गाडी बंद पडली,” अशी वाक्ये इंदुरातल्या मराठी घरांत आता केवळ नातवंडांच्याच नव्हे, तर त्यांच्या आजोबांच्याही तोंडी ऐकू येतात. रामबागेतल्या एका ज्येष्ठ शेजाऱ्यांनी परवा विचारले की, ‘कारण’ हा सोपा शब्द असताना ‘बिकॉज’ कशाला? प्रश्न रास्त आहे. पण माझ्या मते ‘बिकॉज’ने मागे सारले आहे ते ‘कारण’ला तितके नव्हे, जितके ‘म्हणून’ला. एरवी घरात आपण “गाडी बंद पडली म्हणून आलो नाही” असेच म्हणतो, म्हणजे कारण आधी आणि परिणाम नंतर.

‘म्हणून’ हे ‘म्हणणे’ या क्रियापदाचे रूप असल्याने त्यात कोणाच्या तरी मनातले म्हणणे दडलेले असते. “पाऊस येईल म्हणून छत्री घेतली” या वाक्यात पाऊस आलेला नाही, तो येईल असे छत्री घेणाऱ्याला वाटले, एवढेच. “पाऊस आल्यामुळे सराफ्यातून लवकर परतलो” यात मात्र तो खरोखर पडलेला आहे. “तुम्हाला भेटावे म्हणून आलो” यात तोच शब्द हेतू सांगतो आणि तेथे ‘बिकॉज’ घालून पाहिल्यास तो बसतच नाही.

‘मुळे’ला मात्र धक्का लागलेला नाही. ‘बिकॉज ऑफ ट्रॅफिक’ म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. सगळे ‘ट्रॅफिकमुळे’च म्हणतात, कारण नामाला चिकटलेले शब्दयोगी अव्यय सहजासहजी सुटत नाही.

जाता जाता, ‘कारण की’ला ‘क्योंकि’ची नक्कल म्हणून आपल्याकडे नावे ठेवली जातात, परंतु शालेय व्याकरणातल्या कारणबोधक उभयान्वयी अव्ययांत ‘कारण की’ आणि ‘का की’ या दोघांनाही स्थान आहे.

परका शब्द आला की वाक्याची चाल बिघडतेच, असेही नाही. ‘सबब’ हा मूळचा अरबी शब्द. बोलण्यात त्याचा अर्थ बहाणा असा झाला, पण कचेरीच्या मराठीत “अर्जदार गैरहजर, सबब अर्ज निकाली” असा तो थेट ‘म्हणून’च्या जागी बसला आणि क्रम जसाच्या तसा राहिला. त्याच न्यायाने “गाडी बंद पडली, सो आलो नाही” यातला ‘सो’ मला ‘बिकॉज’इतका खटकत नाही.