शब्दचर्चा: 'समावेश', 'सामावून घेणं' की 'सामील'?

(उंबरठा, शिरोरेखा, पायवाट आणि कानामात्रा ही चर्चेत लिहिणाऱ्यांची टोपणनावं आहेत.)

उंबरठा

गेले दोन महिने मी एका माहितीपट मालिकेची मराठी निवेदनं आणि सबटायटल्स लिहिते आहे. विषय अपंग मुलं, मोठी माणसं आणि त्यांची घरं. मूळ इंग्रजी निवेदनात 'इन्क्लूजन' हा शब्द दर भागात पाच-सहा वेळा येतो आणि दर वेळी माझं काम अडतं. शब्द सापडत नाही म्हणून नाही, चार सापडतात म्हणून.

'समावेश' सगळ्यात आधी सुचतो. पण तो वाक्यात कसा बसतो ते बघा. 'यादीत तिचा समावेश झाला', 'संघात त्याचा समावेश केला'. समावेश करणारं दुसरंच कुणीतरी असतं आणि ज्याच्याबद्दल आपण बोलतोय तो 'त्याचा', 'तिचा' असा षष्ठीत गप्प बसलेला. 'तिने समावेश केला' म्हटलं की तिने दुसऱ्या कुणाला तरी घेतलं असा अर्थ होतो. आपला समावेश आपण करू शकत नाही.

'सामावून घेणं' ऐकायला मायेचं वाटतं. पण 'मावणं' त्याच्या फार जवळ आहे, आणि मावायचं तर जागेच्या मापाचं व्हावं लागतं. 'सासरच्यांनी तिला सामावून घेतलं' हे वाक्य आपण किती सहज बोलतो! त्यात बदललं कोण, ती की सासरचे, हे कुणाला सांगायला नको. शिवाय 'घेणं' आलं की घेणाऱ्याचा मोठेपणाही आला.

'सामील' मला आवडतो, कारण 'ती खेळात सामील झाली' यात कर्ती ती आहे. मात्र हा शब्द मराठीत बदनाम आहे. कटात सामील, चोरांना सामील. 'सहभागी' स्वच्छ आहे, पण त्याला स्पर्धेचा आणि प्रमाणपत्राचा वास येतो. एका दुपारपुरतं सहभागी होता येतं. आयुष्यभर घरात राहणाऱ्या माणसाला 'कुटुंबात सहभागी' कसं म्हणायचं?

अडलेला प्रसंग सांगते, म्हणजे मुद्दा कळेल. अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमात एप्रिल 2017 मध्ये ज्युलिया नावाची ऑटिस्टिक बाहुली पहिल्यांदा पडद्यावर आली. त्याच कार्यक्रमातला बिग बर्ड नावाचा पक्षी तिला हॅलो म्हणतो. ती चित्र रंगवण्यात गुंतलेली असते, वर बघत नाही. त्याला वाटतं, मी हिला आवडलो नाही. मग त्याला समजावून सांगितलं जातं की तिची उत्तर द्यायची रीत वेगळी आहे, थोडा वेळ लागतो. पुढे पकडापकडी सुरू होते, ज्युलिया आनंदाने जागच्या जागी उड्या मारायला लागते आणि बाकीचेही तशाच उड्या मारू लागतात. खेळच बदलतो.

या प्रसंगाखाली मी काय लिहू? 'ज्युलियाला खेळात सामावून घेतलं'? पडद्यावर तर उलटं दिसतंय. बाकीचे तिच्या खेळात गेले.

शिरोरेखा

'समावेश'वर थोडा अन्याय होतोय. सम् + आ + विश्. 'विश्' म्हणजे आत शिरणं, तोच 'प्रवेश'मध्ये आहे. म्हणजे घडणीप्रमाणे समावेश म्हणजे सगळ्यांसोबत आत येणं. आत येणारा स्वतःच्या पायांनी येतो! याउलट इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'बंद करणं' आहे. आत घेऊन दार लावून टाकणं. त्यामुळे मूळ अर्थाने आपला शब्द जास्त मोकळा आहे. तो याद्या आणि समित्यांमध्ये वापरून वापरून कर्मणी झाला, ही गोष्ट निराळी.

'सर्वसमावेशक' मात्र टाळा, अशी विनंती. 'सर्वसमावेशक आराखडा' म्हणजे ज्यात सगळे मुद्दे आलेत असा आराखडा. 'सर्वसमावेशक शाळा' म्हणजे जिथे सगळी मुलं आहेत अशी शाळा. एकच शब्द मुद्द्यांनाही आणि माणसांनाही वापरला की माणसं मुद्द्यांसारखी वाटायला लागतात.

शिक्षणशास्त्राने एक फरक नीट जपला आहे, तो तुम्हाला उपयोगी पडेल. 'एकात्मिक शिक्षण' म्हणजे मूल नेहमीच्या शाळेत येतं, पण शाळा होती तशीच राहते, जुळवून मुलाने घ्यायचं. 'समावेशक शिक्षण' म्हणजे शाळा स्वतःला बदलते. तुमच्या ज्युलियाच्या उड्या या दुसऱ्या प्रकारात येतात. म्हणून शास्त्रीय अर्थाने तिथे 'समावेश' हाच शब्द बरोबर आहे. बोलीत त्याचा तो अर्थ पोचत नाही, हे मान्य.

पायवाट

मी अकरा वर्षं व्हीलचेअर वापरतो. नामांचा वाद होत राहील, माझी तक्रार क्रियापदांबद्दल आणि त्या चिमुकल्या अव्ययांबद्दल आहे.

पहिलं, 'व्हीलचेअरला खिळलेला'. मराठीत माणूस अंथरुणाला खिळतो, कारण तिथून उठता येत नाही. कुणीतरी ते क्रियापद उचललं आणि खुर्चीला लावलं. अहो, या खुर्चीला चाकं आहेत! तिच्यामुळे मी घराबाहेर पडतो. खिळलेलं कोण असेल तर तीन पायऱ्यांचं दार. 'व्हीलचेअर वापरतो' एवढं पुरे. चष्मा लावणाऱ्याला आपण 'चष्म्याला खिळलेला' म्हणतो का?

दुसरं, 'अपंगत्वावर मात'. 'मात' हा बुद्धिबळातला शब्द, फारसीतून आलेला. राजा कोंडला गेला, डाव संपला. माझं अपंगत्व संपलेलं नाही, संपणारही नाही. मी नोकरी करतो म्हणजे मी कुणाला हरवलं? ऑफिसच्या लिफ्टमध्ये माझी खुर्ची जाते, म्हणून मी नोकरी करतो.

तिसरं, 'असूनही'. 'अपंग असूनही तिने पदवी मिळवली.' हा 'ही' काढा, वाक्य मोडून पडतं, कारण वाक्य त्याच्यावरच उभं होतं. ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार आणि विनोदी कलाकार स्टेला यंग यांनी या वृत्तीवर 2012 मध्ये नेमकं बोट ठेवलं होतं. तिथल्या एबीसी या सार्वजनिक प्रसारणसंस्थेसाठी अपंगत्वावरच्या संकेतस्थळाचं संपादन त्या करत होत्या. धडधाकट माणसांना बरं वाटावं म्हणून अपंग माणसाला प्रेरणेची वस्तू करणं, असा त्यांचा आक्षेप होता. त्या स्वतः व्हीलचेअर वापरायच्या. मराठीत या प्रकाराला अजून शब्द नाही. 'जिद्दीची कहाणी' हेच त्याचं गोड नाव आहे, त्यामुळे तो ओळखूही येत नाही.

चांगलं उदाहरणही देतो. अमेरिकेत फ्रेड रॉजर्स यांच्या मुलांच्या कार्यक्रमात 1981 साली जेफ एरलँगर हा दहा वर्षांचा मुलगा विजेवर चालणारी व्हीलचेअर घेऊन आला होता. रॉजर्स त्याला ती कशी चालते ते विचारतात. तो दाखवतो, आपल्याला काय झालं आहे हेही स्वतःच्या शब्दांत सांगतो आणि मग दोघं मिळून एक गाणं म्हणतात. कुठेही 'बिचारा' नाही, कुठेही 'शाब्बास' नाही. माहिती ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारली आहे.

आणि 'दिव्यांग' की 'अपंग'? कायद्याचा शब्द आता 'दिव्यांग' आहे, 2016 चा अधिनियम त्याच नावाने ओळखला जातो, म्हणून अर्जावर मी तोच लिहितो. बोलताना 'अपंग' म्हणतो. माझ्या पायांत दिव्य काही नाही. ज्यांना 'दिव्यांग' आवडतो त्यांना मी तसंच म्हणेन. विचारायला वेळ लागत नाही.

उंबरठा

पायवाट, तुमची तिन्ही वाक्यं माझ्या संहितेत होती. आज काढली.

तुमच्या शेवटच्या मुद्द्याशी माझं घरचं दुखणं जोडलेलं आहे. माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याचं बोलणं सावकाश येतं, पण विचार करून येतं. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीची मंडळी आमच्याकडे चित्रीकरणाला आली होती. मुलाखत घेणारी बाई आईला 'तुम्ही' म्हणाली, मला 'तुम्ही' म्हणाली, शेजारचे काका डोकावले तर त्यांनाही 'तुम्ही'. भाऊ तेव्हा चौतीस वर्षांचा होता, तिच्यापेक्षा मोठाच असेल. त्याला ती म्हणाली, 'काय रे, तुला टीव्ही आवडतो?' आणि त्याचं उत्तर तोंडातून निघायच्या आत माझ्याकडे वळून, 'त्याला काय काय आवडतं?' भावाने तोंड मिटलं. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

इंग्रजीत 'यू' एकच. मराठीत दर वाक्याला ठरवावं लागतं, आणि तिथेच सगळं उघडं पडतं. म्हणून या मालिकेत मी एक नियम पाळते आहे. मोठ्या वयाच्या प्रत्येक माणसाला निवेदनात आदरार्थी बहुवचन. डाउन सिंड्रोम असलेल्या चाळीस वर्षांच्या गृहस्थांबद्दल 'ते कामाला निघतात', 'तो कामाला निघतो' नाही. संकलकाने विचारलं, जरा परकं नाही वाटत? मी म्हटलं, बाकीच्यांबद्दल तुम्हाला वाटतं का?

घरातलं आणखी एक क्रियापद आहे, 'करणं'. 'त्याचं सगळं आईच करते.' आंघोळ, जेवण, कपडे, औषधं, रात्रीचं उठणं, एवढं सगळं त्या एका 'करते'मध्ये. इंग्रजीतून आलेलं 'काळजीवाहक' यापुढे फार कोरडं वाटतं, इस्पितळाच्या नोंदवहीतलं. मी निवेदनात 'करणारी माणसं' लिहून पाहिलं, ऐकायला छान लागतं. फक्त भाऊ काय करतो, तेही त्याच वाक्यात यायला हवं. आईच्या गोळ्यांच्या वेळा तोच लक्षात ठेवतो.

कानामात्रा

मी कर्णबधिर आहे, म्हणून सबटायटल्सबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी 'मूकबधिर' कृपया काढून टाका. कान काम करत नाहीत, एवढंच खरं. 'मूक' हे ऐकू येणाऱ्यांनी वर चिकटवलेलं. सेसमी स्ट्रीटवरच लिंडा बोव्ह या कर्णबधिर अभिनेत्री 1971 पासून 2002 पर्यंत लिंडाची भूमिका करत होत्या. हातांनी बोलायच्या, भांडायच्या, विनोद करायच्या. अशा प्रसंगी 'ती खुणेने सांगते' असं लिहू नका, 'ती म्हणते' लिहा. खुणा कुणीही करतं. तिची भाषा आहे, व्याकरणासकट.

दुसरं, सबटायटल आणि कॅप्शन यांत मराठीत फरकच उरलेला नाही. आपण दोन्हीला सबटायटल म्हणतो. भाषा कळत नाही त्याच्यासाठी संवाद पुरतात. ऐकू येत नाही त्याला दाराची बेलही लिहून हवी, मागच्या खोलीतलं रडणंही, आणि कोण बोलतंय तेही. 1972 मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक केंद्राने ज्युलिया चाइल्ड यांचा पाककृतींचा कार्यक्रम कॅप्शनसह देशभर दाखवला, तेव्हा ती कॅप्शन्स सगळ्यांनाच दिसत होती. हवी त्याने चालू करायची कॅप्शन्स तिथे मार्च 1980 मध्ये सुरू झाली. नंतर त्याच केंद्राने 1990 मध्ये अंध प्रेक्षकांसाठी दृश्यांचं वर्णन वेगळ्या ध्वनिमार्गावर द्यायला सुरुवात केली. त्याला 'श्राव्य वर्णन' म्हणतात ते मला पटत नाही, वर्णन दृश्याचं असतं. 'दृश्यवर्णन' म्हणा.

'सार्वजनिक' या शब्दातच 'सर्वजन' आहेत. म्हणून मला कॅप्शनला 'सुविधा' म्हटलेलंही खटकतं. आवाज ही सुविधा आहे असं कुणी म्हणत नाही.

शिरोरेखा

'दृश्यवर्णन' उत्तम. 'कॅप्शन' कॅप्शनच राहू द्यावं, 'मथळा' वर्तमानपत्राने घेतला आहे. आणि 'ऑटिस्टिक'साठी मराठीत वापरतात त्या 'स्वमग्न'बद्दल तुमचं काय ठरलं? ज्युलियाला काय म्हणणार?

उंबरठा

'ऑटिस्टिक'. 'स्वमग्न' सुंदर शब्द आहे, म्हणूनच फसवतो. 'मग्न' म्हणजे बुडालेला, आणि 'स्व' लावला की स्वतःतच बुडालेला, बाहेरचं काही नको असलेला. बिग बर्डचा जो गैरसमज झाला तोच आपण नावात घालून ठेवला आहे. 'ऑटिझमग्रस्त' तर नकोच. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रहणात चंद्र असतो तसा.

मुलांसाठीच्या भागात एक गोष्ट मात्र मुद्दाम ठेवली आहे. 2009 मध्ये बीबीसीच्या लहान मुलांच्या वाहिनीवर सेरी बर्नेल निवेदिका म्हणून आल्या. त्यांचा उजवा हात जन्मतः कोपराखाली नाही. मुलं घाबरतील, अशा काही पालकांच्या तक्रारी आल्या. मुलं विचारतात, 'तिचा हात कुठे गेला?' आणि मोठे म्हणतात, 'श्शू, असं विचारू नये.' माझ्या मते त्या 'श्शू'ने मूल घाबरतं. मी निवेदनात उत्तर लिहिलं आहे: 'कुठे गेला नाही, ती अशीच जन्मली.' 'थोटा' हा शब्द मी टाळला, पण मुलाचा प्रश्न टाळला नाही.

आता मूळ प्रश्न. दोन दिवस तुमचं सगळं वाचून मी 'इन्क्लूजन' आलेली वाक्यं पुन्हा काढली. एकूण अडतीस. एकतीस ठिकाणी नाम लागतच नाही असं दिसलं. 'कुटुंबाने तिला पूर्णपणे सामावून घेतलं आहे' याच्याखाली पडद्यावर ती मुलगी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या एका हाताने घालते आहे, आणि भाऊ घडी मोडून पळतोय. तिथे आता आहे: 'घड्या घालायचं काम तिचं. मोडायचं याचं.' ज्युलियाखाली: 'मग सगळेच तिच्यासारख्या उड्या मारायला लागले.'

उरलेल्या सातांत शाळा, कायदा, धोरण असे संदर्भ आहेत. तिथे शिरोरेखांचं ऐकून 'समावेश' ठेवला, पण क्रियापद बदललं. 'समावेश केला' सगळीकडून गेलं. एका भागाचं शीर्षक तेवढं राहिलं आहे, तिथे नाम लागणारच. भावाला चार पर्याय वाचून दाखवले. त्याने वेळ घेतला, मग 'सामील' म्हणाला. कटात सामील म्हणतात रे, मी म्हटलं. हसला, म्हणाला, 'चालेल.'