गीझरच्या व्हॉल्व्हला टोपण मारू नका

बी-१०२: नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना. आमच्या २५ लिटरच्या गीझरखालून पाणी टपकून राहिलं. बटण लावलं की सुरू होते, बंद केलं की काही वेळानं थांबते. प्लंबर म्हणाला, टोपण मारून देतो, झंझट खतम. मारू देऊ का?

सी-३०१: आमच्याकडे पण थंडी सुरू झाली की हेच. आम्ही खाली बादली ठेवतो.

ए-४०३: ताई, त्याला थांबवा आधी. पाणी नेमकं कुठून येते? थंड पाणी जिथून आत जाते तिथे पितळेचा जाडसर व्हॉल्व्ह असेल. त्याच्या बाजूच्या बारीक तोंडातून का?

बी-१०२: हो काका, तिथूनच. फोटो टाकला बघा.

ए-४०३: मग गीझर ठणठणीत आहे. कृपया हे पूर्ण वाचा, सगळ्यांच्याच कामाचं आहे.
तो मल्टी-फंक्शन व्हॉल्व्ह. टाकीतलं गरम पाणी तो उलट थंड पाण्याच्या लाइनीत जाऊ देत नाही. म्हणजे नळ बंद असले की टाकी सगळीकडून बंद. आता पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की साधारण दीड टक्का फुगते. २५ लिटरला जवळपास पावणेचारशे मिली. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून दाब वाढतो आणि तेवढं पाणी व्हॉल्व्ह बाहेर सोडतो. टपकणं म्हणजे त्याचं काम चालू आहे.
टोपण मारलं आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला गीझर बंद करणारा भाग, चिकटला, आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउटही चालला नाही, तर? दाबाखाली पाणी १०० अंशांवर उकळत नाही. ३ बारला (बार हे दाबाचं माप) १४० अंश ओलांडले तरी ते पाणीच राहते. अशी टाकी फाटली की दाब एका क्षणात जातो आणि त्यातल्या काही पाण्याची एकदम वाफ होते. मोकळ्या हवेत वाफेला पाण्याच्या सोळाशे पटीहून जास्त जागा लागते. भिंती पडतात त्यानं. कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होतो तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्हला कोणी असंतसं बोट लावलेलं चालत नसे. घरातल्याला टोपण मारताना आपण विचारही करत नाही, याचं फार वाईट वाटते.

सी-३०१: बापरे. पण काका, आमचा जुना गीझर कधीच टपकत नव्हता.

ए-४०३: त्याला उलट अडवणारा व्हॉल्व्हच नसेल, फुगलेलं पाणी मागे लाइनीत जात असेल. किंवा व्हॉल्व्ह क्षारानं जाम असेल, आणि ते जास्त वाईट. आपल्याकडे बोअरचं पाणी मिसळते, पांढरा थर सगळ्यांनी बघितलाच आहे.

डी-२०४: आमचा तर गीझर बंद असतानाही गळते. मागच्या महिन्यात प्रेशर पंप बसवला तेव्हापासून.

ए-४०३: मग दाब बघावा लागेल. गच्चीच्या टाकीचा दर १० मीटरला साधारण १ बार, म्हणजे खालच्या मजल्यावर २ च्या आसपास. पंपानं तो वाढतो. गीझरवर किती बार लिहिलंय ते वाचा आणि गरज असेल तर आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावून घ्या. दाब ठीक असूनही गळत असेल तर आत कचरा अडकलाय, व्हॉल्व्ह बदला. इतवारीत लोहाओळीत मिळून जाईल, पण त्याच बारचा घ्या. आणखी एक, गीझर आणि या व्हॉल्व्हच्या मध्ये कॉक बसवू देऊ नका. तो बंद राहिला तर टोपण मारल्यासारखंच. कॉक हवा तर व्हॉल्व्हच्या आधी, थंड पाण्याच्या लाइनीत.

बी-१०२: मग हे पाणी असंच पडू द्यायचं का? खाली वॉशिंग मशीन आहे जी.

ए-४०३: त्या तोंडाला उष्णता सोसणारी नळी लावा, सरळ उताराने मोरीच्या जाळीपर्यंत न्या. नळीला कुठे कॉक नको, वर चढ नको, आणि शेवटचं टोक बादलीत बुडवू नका, दिसेल असं मोकळं ठेवा. थेंबांऐवजी वाफ किंवा उकळतं पाणी फुसफुसत आलं तर मेन स्विच बंद करून बाथरूमबाहेर या. कशालाही हात न लावता थंड होऊ द्या, मग मेकॅनिक.

सी-१०१: काका, गच्चीवरच्या सोलरच्या उभ्या पाइपवर कोणीतरी प्लास्टिकची बाटली दाबून बसवली आहे. पाखरं जाऊ नये म्हणून असेल.

ए-४०३: आजच काढा ती! तो व्हेंट पाइप आहे. आपली सोलर टाकी दाबाची नाही, तिला हवा तिथूनच मिळते. बंद केला तर पाणी ओढताना टाकी आत दबते, आणि मे महिन्यात आपल्या ४५ अंशांच्या उन्हात आत वाफ कोंडते. पाखरांसाठी मोठ्या भोकांची जाळी बांधा. पाइपचं टोक थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा वर असलं पाहिजे, तेही बघतो.

सेक्रेटरी: बाटली आत्ताच काढायला वॉचमनला पाठवलं. रविवारी ९ वाजता काका आणि मी गच्चीवर जातो. ज्यांच्या गीझरला टोपण मारलेलं आहे त्यांनी फ्लॅट नंबर इथेच टाका, एकाच प्लंबरकडून सगळे काढून घेऊ. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवाल्यांनी भाडेकरूंनाही फोन करा.

डी-२०४: डी-२०४ पण लिहून घ्या. टोपण नाही, पण गळते त्यासाठी.

ए-२०२: ए-२०२. आमच्याकडे टोपण आहे, आत्ता बघितलं.

ए-४०३: ए-२०२, टोपण काढेपर्यंत गीझर चालू करू नका. पाणी गॅसवर तापवा.