एक पगार बंद होणार आहे. घरकर्ज आधी फेडावं का, आणि कसं?

धायरीकर:
नमस्कार मंडळी. चार महिन्यांनी पत्नी नोकरी सोडणार आहे. पुढची दोन-तीन वर्षं तरी तिचा पगार नसेल. सध्या दोघांचे मिळून हातात १,००,००० येतात (माझे ६२,०००, तिचे ३८,०००). घरकर्ज दोघांच्या नावावर, एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं, फ्लोटिंग (बाजाराबरोबर बदलणाऱ्या) दराचं. शिल्लक मुद्दल ३२ लाख, दर ८.५ टक्के, उरलेले हप्ते १८०, हप्ता ३१,५१२. घरखर्च महिना २९,०००. मुलाची फी वर्षाला ६०,०००, ती वेगळी. एफडीत ६.५ लाख आहेत. माझं वय ४३.

विचार असा आहे की ४ लाख आत्ताच कर्जात भरून टाकावेत आणि मुदत कमी करून घ्यावी, म्हणजे व्याज वाचेल. बरोबर आहे का? दंड वगैरे लागेल का?

हिशेबनीस:
दंडाचं आधी. व्यक्तीच्या नावावरचं फ्लोटिंग दराचं घरकर्ज असेल तर थोडं भरा किंवा सगळं, बँक किंवा हाउसिंग फायनान्स कंपनी आकार घेऊ शकत नाही. फिक्स्ड दराचं असतं तर करार पाहावा लागला असता.

आता मूळ प्रश्न. ४ लाख भरले की मुद्दल २८ लाखांवर येतं. इथून दोन वाटा फुटतात. हप्ता ३१,५१२ च ठेवून मुदत कमी केली तर १८० ऐवजी १४१ हप्ते, आणि व्याज साधारण ८.४ लाखांनी कमी. मुदत १८० च ठेवून हप्ता कमी केला तर तो होतो २७,५७३, आणि व्याज वाचतं ३.०९ लाख. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बहुतेक जण पहिली वाट धरतात.

पण ८.४ आणि ३.०९ मधला फरक कुठून आला ते बघा. पहिल्या वाटेवर तुम्ही दर महिन्याला ३,९३९ रुपये जास्त भरत राहता. व्याजाचा दर दोन्हीकडे तोच आहे. हप्ता २७,५७३ करून घेतलात आणि ते ३,९३९ दरमहा स्वतःहून मुद्दलात भरलेत, तर कर्ज त्याच १४१ व्या महिन्यात संपतं आणि व्याजही तेवढंच वाचतं. फरक एवढाच की एखाद्या महिन्यात ते ३,९३९ दवाखान्यात गेले तर तुमचा हप्ता चुकलेला नसतो.

म्हणून उत्पन्न घटणार असेल तेव्हा हप्ता कमी करून घ्यायचा आणि जमेल तेव्हा जास्त भरायचं. मुदत कमी करून घेणं म्हणजे ३१,५१२ चं बंधन ६२,००० च्या पगारावर कायम ठेवणं. पगारातला अर्ध्याहून जास्त वाटा हप्त्यात जाईल.

आणि ४ लाख जास्त होतात. एका पगारावरचे सहा महिने धरा: २९,००० खर्च आणि साधारण २८,००० हप्ता, म्हणजे ५७,००० गुणिले ६ = ३.४२ लाख. त्यात वर्षाची फी ६०,०००. हे ४ लाख हलवू नका. उरले २.५ लाख, ते भरा. मुद्दल २९.५ लाख आणि हप्ता २९,०५० होतो.

पैसे एफडीत ठेवून तोटा होतो, तो किती तेही पाहा. एफडीवर ६.५ टक्के मिळत असतील तर कर्जाच्या दराशी दोन टक्क्यांचा फरक. ४ लाखांवर वर्षाला ८,०००. घरात पैसा हाताशी राहण्याची ही किंमत आहे आणि एकट्या पगाराच्या घरात ती मोजावी. कर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही. तोच पैसा नंतर पर्सनल लोनने उभा करायचा झाला तर दर बहुधा दोन आकडी असतो.

सह्याद्री४२:
मला नाही पटत. "जमेल तेव्हा जास्त भरू" म्हणणारे भरत नाहीत. हप्ता मोठा असला की शिस्त राहते. मुदत कमी करा आणि खर्चाला कात्री लावा.

हिशेबनीस:
शिस्त हवीच, पण ती बँकेत स्थायी सूचना देऊनही लावता येते. हप्त्याच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम वेगळ्या बचत खात्यात, आणि दर सहा महिन्यांनी त्यातून मुद्दलात भरणा. यांच्या घरात २९,००० खर्च, ५,००० फीचे आणि ३१,५१२ हप्ता मिळून ६५,५१२ होतात. पगार ६२,०००. २९,००० मध्ये कात्री लावून ३,५१२ दर महिन्याला, जवळजवळ बारा वर्षं, हे मी तरी कुणाला सुचवणार नाही.

कर्जखिडकी:
वरच्या हिशेबाशी सहमत. पण २९,०५० च्या हप्त्यानेही महिन्याला हजारभर तूट राहते. ती दरातून भरून काढा. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) फेब्रुवारी २०२५ ला ६.५० वरून उतरायला लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आला. बँकांची १ ऑक्टोबर २०१९ नंतरची फ्लोटिंग घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात, तीन महिन्यांत एकदा तरी दर बदलावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांवर ही सक्ती नाही. त्यांचा स्वतःचा मूळ दर असतो आणि जुन्या ग्राहकाला कपात उशिरा किंवा अर्धवट मिळते.

कंपनीकडे लेखी विचारा: "नव्या ग्राहकाला आज काय दर आहे, आणि मला त्या दरावर यायला किती फी?" याला कन्व्हर्जन म्हणतात. फी कुठे ठरलेली रक्कम असते, कुठे शिल्लक मुद्दलाच्या टक्केवारीत, वर १८ टक्के जीएसटी. समजा दर ७.७५ मिळाला आणि फी पाव टक्का. २९.५ लाखांवर फी ७,३७५, जीएसटी धरून ८,७०० च्या आसपास. हप्ता २७,७६८ होतो, म्हणजे महिन्याला १,२८२ कमी. सात महिन्यांत फी वसूल. फी टक्केवारीत असेल तर आधी २.५ लाख भरा, मग कन्व्हर्जन करा.

एक बारीक गोष्ट: दर उतरला की बऱ्याच ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत कमी होते, कुणी विचारत नाही. अर्जात "दरकपातीचा लाभ हप्त्यात द्यावा, मुदत बदलू नये" हे स्पष्ट लिहा.

आता भरणा कसा करायचा. इथेच जास्त घोटाळे होतात.

आधी खात्याचा उतारा काढा आणि शिल्लक मुद्दल टिपून ठेवा. मग "पार्ट पेमेंट, हप्ता कमी करणे, मुदत कायम" असा अर्ज द्या आणि पोच घ्या. अ‍ॅपवरून थेट भरलं तर बहुतेक ठिकाणी आपोआप मुदतच कमी होते. त्यानंतर अर्जदाराच्याच खात्यातून, कर्ज खाते क्रमांक घालून पैसे पाठवा. नुसतंच एनईएफटी करून मोकळे झालात तर रक्कम "आगाऊ हप्ता" म्हणून पडून राहू शकते, मुद्दल कमी होत नाही आणि व्याज पूर्ण ३२ लाखांवर चालू राहतं. चार-पाच दिवसांनी परत उतारा काढा. मुद्दल बरोबर २,५०,००० ने उतरलं पाहिजे, एक रुपयाही कमी नाही.

व्याज रोजच्या शिलकेवर आहे की महिन्याच्या, तेही विचारा. रोजच्या असेल तर कधीही भरा. महिन्याच्या असेल तर ठरावीक तारखेनंतर भरलेलं पुढच्या महिन्यापासून धरलं जातं, म्हणून तारखेच्या आधी भरा. आणि मोठी रक्कम भरली म्हणून पुढचा हप्ता माफ होत नाही, त्या दिवशी खात्यात पैसे हवेतच.

शेवटी नवं परतफेडीचं वेळापत्रक मागून घ्या. काही ठिकाणी हप्ता बदलायला स्टॅम्प पेपरवर पुरवणी करार करतात.

धायरीकर:
फार उपयोग झाला. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, स्कूटरचं कर्ज आहे: शिल्लक ६२,०००, दर १३ टक्के, १४ हप्ते उरलेत, हप्ता ४,७९७. तो २९,००० मध्ये धरलेला नाही. दोन, पत्नीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळेल. तेही कर्जात घालावं का?

शरयू_ब:
दादा, स्कूटर आधी! ६२,००० घरकर्जात भरलेत तर हप्ता ६११ ने कमी होतो. तेच स्कूटरला भरलेत तर महिन्याचे ४,७९७ सुटतात, आणि दरही तिथेच जास्त आहे. उत्पन्न घटताना लहान, थोडे हप्ते उरलेलं कर्ज आधी मिटवायचं. त्यासाठी एफडी मोडायचीही गरज नाही. दोन्ही पगार चालू असताना सगळं जाऊन तुमच्याकडे महिन्याला २९-३० हजार उरतात, दोन महिन्यांत ते मिटेल. वाहनकर्ज बहुधा फिक्स्ड दराचं असतं, म्हणून मुदतीआधी बंद करण्याचा आकार किती ते विचारून घ्या. बंद झाल्यावर एनओसी घेऊन आरसी बुकावरचा बोजा काढायला विसरू नका.

पीएफला हात लावू नका. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता, तुमचं कर्ज ७.७५ वर आलं तर तो पैसा तिथेच बरा. सलग सेवा पाच वर्षं झालेली नसेल तर काढताना करही लागतो. ग्रॅच्युइटीचं गणित: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ती रक्कम आधी राखीव ठेवीत टाका. वहिनींची नोकरी सुटून सहा महिने गेले आणि घरखर्चाचा खरा आकडा कळला, की मग त्यातलं किती कर्जात भरायचं ते ठरवा.

याहून महत्त्वाचं म्हणजे विमा. वहिनींच्या कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. मूल त्यांच्याच पॉलिसीत असेल तर तेही उघडं पडेल. कुटुंबाची फ्लोटर पॉलिसी (सगळ्यांना मिळून एकच आरोग्यविमा) आत्ताच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीच्या गट पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. तसं केलंत तर थांबण्याचा आधी झालेला काळ धरला जातो. ती चौकशी राजीनाम्याच्या आधी. आणि तुमचा टर्म इन्शुरन्स निदान कर्जाएवढा तरी हवा. तुमच्या मागे हप्ता त्यांच्यावरच येणार आहे, त्या सहकर्जदार आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावर जीएसटी नाही.

धायरीकर:
स्कूटर पहिल्या दोन महिन्यांतच मिटवतो. आता एवढंच: कंपनीने दर कमी केला नाही तर कर्ज दुसऱ्या बँकेत न्यावं का? आणि करबचतीचं काय? व्याज कमी झालं तर वजावटही जाईल ना?

हिशेबनीस:
तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट मुळातच नाही, तेव्हा प्रश्न मिटला. जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंत मिळते. तुमचं वर्षाचं व्याज अडीच लाखांच्या आसपास राहणार, त्यामुळे सध्या तुमची वजावट जाणार नाही. करासाठी व्याज भरत राहू नका.

कर्जखिडकी:
न्यायचं असेल तर दोन्ही पगार चालू असताना अर्ज करा. नवी बँक दोघांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि बँक उतारे मागते. एकट्याच्या ६२,००० वर २९.५ लाख बसतील का, हेही तिच्याकडून आधीच तपासून घ्या. नोकरी सोडण्याबद्दल विचारलं तर खरं सांगा, खोटी माहिती पुढे महागात पडते. खर्चही धरा: प्रोसेसिंग फी, वकील आणि मूल्यांकन, पुन्हा मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण ठेवल्याची सरकारी नोंदणी कार्यालयात द्यायची सूचना). हे सगळं बेरजेत घेऊन दीड वर्षात वसूल होत नसेल तर जाऊ नका. पण दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र हातात असलं की आपली कंपनीही दराबाबत लवकर हलते, तेवढ्यासाठी तरी विचारपूस करा.

नेण्याऐवजी आणखी एक वाट आहे. निवृत्ती ६० ला असेल तर कंपनी मुदत १७ वर्षं करून देईल का ते विचारा. ७.७५ दराने हप्ता २६,०६१ होतो. हातात पैसे असतील त्या महिन्यात १,७०७ वर भरा; दर महिन्याला जमलं तर कर्ज पंधरा वर्षांतच संपतं. मात्र हे हप्ता थकण्याच्या आधी करा. हप्ते तुंबल्यावर मुदत वाढवून घेतली तर ती पुनर्रचना (अडचणीतल्या कर्जाच्या अटी बदलून देणं) धरली जाते आणि सिबिलवर तशी नोंद येते. मुदतवाढीच्या मंजुरीपत्रात "पुनर्रचना" असा शब्द नाही ना, हे सही करण्याआधी वाचून घ्या.

अर्जाला महिनाभरात उत्तर आलं नाही तर बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. तुमची हाउसिंग फायनान्स कंपनी आहे, तेव्हा तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते. पोच घेतलेला अर्ज आणि दोन्ही उतारे, भरण्याआधीचा आणि नंतरचा, त्या तक्रारीला जोडावे लागतील.