पोर्तुगीज रॅपसारखा स्पीड आपल्या सोलापुरी बोलीत बसंल का?

सातरस्ता_फ्लो:
मंडळी, सध्या नुसता ब्राझीलचा, म्हणजे पोर्तुगीज भाषेतला रॅप ऐकलालोय. शब्द एक कळत नाही तरी सोडवत नाही. रापादुरा म्हणून एक जण आहे, ईशान्येतल्या सेआरा राज्याचा, डोक्यावर गवती टोपी आणि एकदा सुटला की श्वास कधी घेतो देव जाणे. आम्ही पोरं हिंदीत लिहितो, पण आपल्या बोलीत ट्राय केलं की तिसऱ्या ओळीला जीभ अडकते, वर पोरं म्हणतात मराठीत स्पीड बसतच नाही बे, मुंबईची हिंदी धर. खरंच भाषेचा लोचा आहे का?

हलगीवाला:
भाषेला कशाला शिव्या? ब्राझीलवाले स्वर मोकळे सोडतात म्हणून पळवायला सोपं जातं हे खरंय, पण तीच भाषा बोलताना पोर्तुगालमधल्या लिस्बनचे लोक मधले स्वर चक्क गिळतात, व्यंजनावर व्यंजन आदळतं, तरी तिथं १९९४ पासून रॅपचे अल्बम निघतायत. आणि "काय करलालाय, कुठं चाललालाय" एका दमात म्हणून बघ, आपोआप पळतंय की! पुस्तकी "करत आहेस" लिहिशील तर अडकणारच.
हिशोब बघ, मिनिटाला १४० ठोक्यांच्या बीटवर ठोक्याला ४ अक्षरं म्हणजे सेकंदाला ९ च्या वर. एकदम तिथं उडी मारू नको. ९० वर धर, सेकंदाला ६ होतात, तेवढी स्वच्छ आली की वाढव. श्वासाची जागा लिहितानाच सोड, गाताना शोधत बसलास की गेलास.

बाळीवेस_ताई:
त्या रापादुराचा स्पीड रॅपमधून कमी आणि एंबोलादातून जास्त आलाय. ईशान्य ब्राझीलची जुनी लोककला आहे ती. दोघं जण हातात डफासारखं पांदेइरो घेऊन भर चौकात उभे राहतात, यमक जुळवत एकमेकांची उडवतात, अडकला तो हरला. आपला कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाबच की. तिकडची माणसं पोटासाठी साओ पाउलोला गेली की त्यांच्या बोलण्याला हसतात, आणि हा बाबा नेमकं तेच बोलणं, तेच गाणं घेऊन माइकवर चढला. तू मात्र कोणी हसेल म्हणून हिंदी धरलालास. अरे शाहीर राम जोशी आपल्याच गावचा, त्याच्या लावण्या मोठ्यानं वाच, यमक आणि अनुप्रास असा कोसळतो की जिभेला आपोआप व्यायाम.

उगाच_बोलतो:
सगळे स्पीडच्या मागं का लागलाव? साओ पाउलोचा रासिओनाइस हा रॅप ग्रुप घ्या, त्यांचा मानो ब्राउन सावकाश, शेजारी बसून सांगितल्यासारखा बोलतो, वस्तीतलं, पोलिसांचं, तुरुंगातलं. त्यांचा १९९७ चा अल्बम उनिकांप विद्यापीठानं २०१८ ला प्रवेश परीक्षेच्या वाचनयादीत घातला, कवितेच्या पुस्तकांशेजारी! मोझांबिकचा, पोर्तुगीजमध्येच गाणारा रॅपर अझागाया २०२३ ला वारला, त्याच्या आठवणीत निघालेल्या मोर्च्यांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. स्पीड बघून सोडतंय का कोण अश्रुधूर? आधी बोलायला काय आहे ते ठरव मालक. यंत्रमागावर लिही, उजनी भरलेली असताना काही दिवसांआड नळाला येणाऱ्या पाण्यावर लिही.

सातरस्ता_फ्लो:
पाण्यावर लिहितो, मटेरियल भरपूर आहे 😂 ताई, जोडीची आयडिया भारी. अशोक चौकातला दोस्त तेलुगूत उत्तर द्यायला तयार झालाय, तो बोलेपर्यंत मला श्वास पण मिळंल. हलगीवाले भाऊ, ९० चा ठेका रेकॉर्ड करून पाठवता का?

हलगीवाला:
पाठवतो. पण रविवारी. लग्नसराई चाललीय, हात सुजलेत.