ड्रेसची उंची: गुडघा, पोटरी की घोटा? अनुभव येऊ द्या

शेवंती
काल भाचीच्या गाऊनच्या ट्रायलला लक्ष्मी रोडच्या एका बोळात गेलो होतो. मास्तर टाचण्या घेऊन खाली बसले आणि पहिला प्रश्न, "रिसेप्शनच्या चपला आणल्यात?" भाचीच्या पायात घरातल्या स्लिपर. मास्तरांनी टाचण्या परत उशीत खोचल्या. "मग पुढच्या आठवड्यात या." विषय संपला.

येताना रिक्षात आमची आत्या आठवली. रेल्वेत नोकरीला होती, आणि त्या काळी ऑफिसच्या समारंभाला मिडी घालून जाणारी वाड्यातली एकटीच. शिवायला टाकण्याआधी ती आरशासमोर उभी राहायची, कमरेला जुनी चादर गुंडाळून आईला ती हळूहळू वर सरकवायला लावायची. "थांब. इथे पाय बारीक दिसतोय." तिथे पायावरच खडूची खूण! पोटरी जिथे सगळ्यात जाड तिथे घोळ, म्हणजे ड्रेसची खालची कड, संपवायचा नाही, हा तिचा कायदा. गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर, वाटीखालचा खोलगट भाग, पोटरी उतरते ती जागा, नाहीतर घोटा. मधे कुठेही थांबलात की पाय तुटका दिसतो. स्वतः जेमतेम पाच फूट, पण फोटोत सगळ्यांत उंच वाटते.

वन-पीस, गाऊन, ऑफिसचा कुर्ता, काहीही चालेल. तुमची उंची कशी ठरली, कोणी ठरवली?

टेकडीवाली
पोटरीचं शंभर टक्के. माझा एक काळा ड्रेस बरोबर पोटरीच्या मधोमध यायचा, कपाटातच पडून. बहिणीने दोन इंच वर घेऊन दिला तर नवरा म्हणे नवीन कधी घेतलास. मी म्हटलं काल. म्हणू दे.

पेठेतला_पोपट
धाग्याचं नाव वाचून वाटलं स्थळं बघणं चाललंय, मुलगा पाच आठ वगैरे. आलोच आहे तर बसतो.

आद्या
@पोपट बसा. फक्त एक ते चार आवाज नको.

सुईत_दोरा
माझे बाबा टेलर. दुकान बंद झालं आता पण बोलायची खाज आहे, लांबेल.

कमरेपासून खाली मोजून लांब ड्रेसची उंची कधीच नीट येत नाही. पोट पुढे असेल तर पुढून उचलला जातो, मागचा भाग भरलेला असेल तर मागून. मग टेप एक सांगतो आणि आरसा दुसरंच. बाबा गिऱ्हाइकाला चपला घालून पाटावर उभं करायचे आणि जमिनीपासून वर मोजत गोल फिरायचे, लाकडी पट्टी उभी धरून, दर चार बोटांवर खडू. गिऱ्हाईक हललं नाही पाहिजे. आणि खाली वाकून बघायचं नाही!! वाकलात की पुढचा घोळ खाली येतो, मागचा वर जातो, खूण चुकते. बायका हमखास वाकायच्या. बाबा म्हणायचे, "ताई समोर कॅलेंडर बघा, आज एकादशी आहे का सांगा."

दुसरं म्हणजे अंब्रेला (गोल घेराचा कट) किंवा उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं कापड असेल तर शिवून लगेच दुमडायचं नाही. निदान एक रात्र टांगून ठेवायचं. तिरकं कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं, आणि सगळीकडे सारखं नाही लोंबत. घाई केली तर महिन्याभरात घोळ लाटांसारखा वरखाली. दिवाळीच्या गर्दीत हल्ली कोणी टांगत नाही, मग ताई येतात भांडायला.

हडपसरी
@सुईत_दोरा एकादशी 😂😂 आमच्या मास्तरांना पण सांगते

माझा मुद्दा वेगळा. सगळे उभ्याची उंची बघतात, बसल्यावर काय? गुडघ्यापर्यंतचा सरळ ड्रेस बसलं की चांगला चार बोटं वर जातो. त्यात स्टेजवर तो खोल सोफा आणि समोर पहिली रांग. आमच्या ऑफिसच्या अवॉर्ड फंक्शनला एक मॅडम पूर्ण वेळ मांडीवर बुके धरून बसल्या होत्या, तेव्हापासून मी ट्रायल रूममध्ये स्टूल मागते. नसेल तर चक्क उकिडवी बसते. आणि स्कुटी! पुण्यात राहून स्कुटीचा विचार न करता कोण ड्रेस घेतं? मगरपट्ट्यापासून हॉलपर्यंत मी लेगिंग घालून जाते, पार्किंगमध्ये काढते.

मृण्मयीची_आई
पार्किंगमध्ये??

हडपसरी
बाथरूममध्ये गं. लिहायच्या घाईत. डबा भरतेय

निवांत
लॉन. कोणीच लॉनचं बोललं नाही अजून. म्हात्रे पुलाजवळच्या त्या सगळ्या लॉन्सवर संध्याकाळी गवत ओलं असतं, पाणी मारलेलं. जमिनीला टेकणारा गाऊन तासाभरात खालून वीतभर चिखल. हॉलमधे अर्धा इंच वर ठेवतात ना जमिनीपासून, लॉन असेल तर एक इंच ठेवा. आणि पेन्सिल हील गवतात रुतते, म्हणजे तुम्ही बुटक्या होता आणि गाऊन लांब. रुंद टाचेची चप्पल घ्या आणि तीच घालून माप द्या. शेवंती तुमच्या मास्तरांना माझा नमस्कार.

ताडमाड
माझी रड उलटी आहे. पाच फूट नऊ. रेडिमेड मिडी मला गुडघ्यावर, मॅक्सी मला बरोब्बर पोटरीच्या मधोमध म्हणजे तुमच्या आत्याच्या कायद्याने गुन्हा. मॉलमधल्या मुली म्हणतात मॅम तुम्हाला काय सगळंच छान दिसेल. काय घंटा.

सुईत_दोरा
@ताडमाड आत माया, म्हणजे दुमडलेलं जास्तीचं कापड, किती आहे ते आधी बघा. सरळ कटच्या ड्रेसमध्ये दीड-दोन इंच दुमड असू शकते, ती उसवून मागून अस्तराची पट्टी लावली की तेवढी उंची मिळते. अंब्रेलात नाही मिळणार, घेर जास्त म्हणून दुमड पाव इंचाची असते. तिथे खालून जोड द्यायचा. फक्त जोड मुद्दाम दिलाय असं वाटलं पाहिजे, चार बोटं तरी रुंद. एक इंचाची लेस लावली तर उंची वाढवली ते लांबून कळतं. उसवल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते का तेही बघा. मखमलीवर ती जातच नाही.

ताडमाड
माया आहे!! आत्ता उलटा करून बघितला. थँक्यू थँक्यू

आजीचा_बटवा
उंचीवरून जगात एकदा मोठा गदारोळ झालेला आहे. १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये ख्रिस्तियान दिओरने पोटरीपर्यंतचे, भरपूर घेराचे स्कर्ट आणले. युद्धात कापड मिळत नव्हतं म्हणून तोवर सगळं आखूड आणि चिंचोळं. ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांना कुपनं होती आणि ४७ साली ती चालूच होती, तेव्हा एका स्कर्टला एवढं कापड म्हणजे लोकांना उधळपट्टी वाटली, विरोध झाला. पण बायकांनी शेवटी लांबच घातले. माझी आई म्हणायची, कापड स्वस्त झालं की झगे लांब होतात. हे तिचं मत, पुरावा मागू नये.

पेठेतला_पोपट
नऊ वारांच्या देशात हे लोक पोटरीसाठी भांडतायत.

आजीचा_बटवा
तुम्ही एकदा नऊवारी नेसून दाखवा मग बोलू.

मृण्मयीची_आई
नऊवारीवरून.. हल्ली शिवलेली मिळते ना, ती घोट्याच्या वर येते आणि पायजमा वाटते. लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगला सगळ्या मुली तशाच. नेसलेली कशी घोट्यावर टेकते, पैंजण जेमतेम दिसतात. शिवलेली घेताना दोन इंच मोठी घ्या, कमरेत खोचता येते.

दूरदेशी
इकडे आमंत्रणावरच लिहिलेलं असतं. ब्लॅक टाय म्हणजे पायघोळ, कॉकटेल म्हणजे गुडघ्याच्या आसपास ते पोटरीखाली. पहिल्यांदा मी सरळ पैठणी नेसून गेले, सगळे प्रश्न मिटले. बुटक्यांसाठी एक: घोट्याला पट्टा असलेली चप्पल पोटरीखालच्या ड्रेसवर घालू नका, उरलासुरला पाय तिथे कापला जातो. पायाच्या रंगाच्या जवळची, पुढून उघडी घाला. आणि कंबर जरा वर घेतली तर त्याच उंचीत पाय लांब वाटतात, खालून काही न कापता.

टेकडीवाली
@दूरदेशी कंबर वर घ्यायचं म्हणजे बेल्ट का शिवूनच?

दूरदेशी
शिवून छान. बेल्टने पण होतं, पण त्याने ड्रेस वर ओढला जातो. बेल्ट लावूनच उंची बघ.

आद्या
सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचा गाऊन शिवलाय कोणी? पुढून किती जास्त ठेवू? मैत्रीण म्हणते दोन इंच

सुईत_दोरा
@आद्या आकड्यावर जाऊ नकोस. दुमड शेवटच्या आठवड्यात घाल, तोवर खालून नुसती कच्ची टीप. पोट रोज वेगळं असतं. आणि अभिनंदन गं!

हडपसरी
अभिनंदन आद्या!! डोहाळे काय लागलेत

आद्या
थँक्यू 🙈 मिसळ. डॉक्टर तिखट कमी करा म्हणतात, सासूबाई म्हणतात खा

पेठेतला_पोपट
सासूबाई बरोबर आहेत. कुठली ते सांगतो, पण इथे भांडणं होतील.

निवांत
शेवंती टेलरचा नंबर व्यनि (खासगी निरोप) कराल का

ताडमाड
मलाही

टेकडीवाली
मला पण प्लीज

शेवंती
करते सगळ्यांना. पण ते नवरात्रापासून नवीन शिवण घेत नाहीत, फक्त अल्टर, आणि फोन उचलत नाहीत. संध्याकाळी पाचनंतर जायचं, सुट्टे न्यायचे. निवांत, गाडी बोळात नेऊ नका.

निवांत
मंडईत लावेन.

पेठेतला_पोपट
मंडईत जागा मिळाली तर त्याचा वेगळा धागा काढा.